ताप उतरल्यानंतरचे 48 तास : डेंग्यूच्या रुग्णाचे शरीर खाटेशेजारी कसे वाचावे

डेंग्यूचा रुग्ण वॉर्डात येतो तेव्हा ताप 103 असतो, डोळ्यांच्या मागे ठणका लागलेला असतो, अंग मोडून आलेले असते आणि सोबतचे नातेवाईक धास्तावलेले असतात. चौथ्या किंवा पाचव्या दिवशी ताप 99 वर येतो. घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, कोणी तरी डिस्चार्जची चौकशी करते आणि वॉर्डाचे लक्षही त्या खाटेवरून शेजारच्या, तापाने फणफणलेल्या रुग्णाकडे वळते. नेमक्या याच सुमारास त्या पहिल्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पातळ द्रव, बाहेर झिरपू लागलेला असू शकतो. तो कण्हत नाही, दम लागल्याची तक्रार करत नाही, उलट चहा मागतो. आणि त्याचा रक्तदाब वहीत नॉर्मल म्हणून नोंदला जातो.

पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावरचे दोन महिने मेडिसिनच्या किंवा बालरोगाच्या वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही अधिपरिचारिकेला हे चित्र नवे नाही. पुढील मार्गदर्शन तिच्यासाठी, तसेच क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमाकडे वळलेल्या परिचारिकांसाठी आहे. आजाराला शरीर कसे तोंड देते हे शिकण्यासाठी डेंग्यूइतका चांगला शिक्षक क्वचितच मिळतो, कारण या आजारात दोन-तीन दिवसांच्या आत शरीराचे सगळे डावपेच एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोर येतात. मात्र ते डावपेच नुकसान झाकणारे असतात, त्यामुळे परिचारिकेला नुकसान थेट दिसण्याची वाट पाहून चालत नाही. शरीर काय झाकते आहे ते तिला ओळखावे लागते.

तापाचा दिवस मोजण्यापासून सुरुवात

दाखल करून घेताना पहिला प्रश्न 'ताप किती आहे' हा नसून 'ताप कधी सुरू झाला' हा असावा. ताप ज्या दिवशी आला तो दिवस पहिला धरावा आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहावा. 'तीन-चार दिवस झाले' हे उत्तर पुरेसे नाही. बाजाराचा दिवस, उपवास, परीक्षा, पगाराची तारीख अशा एखाद्या खुणेशी जोडून विचारले की बहुतेकांना नेमका वार आठवतो. ही काटेकोरपणाची हौस नव्हे. डेंग्यूचा तापाचा टप्पा 2 ते 7 दिवस चालतो, धोक्याचा टप्पा साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरण्याच्या वेळेस सुरू होतो आणि 24 ते 48 तास टिकतो, आणि त्यानंतर बाहेर गेलेला द्रव पुढील दोन-तीन दिवसांत रक्तवाहिन्यांत परततो. रुग्ण या वाटेवर कोठे उभा आहे हे ठाऊक नसेल, तर एकाच आकड्याचे दोन विरुद्ध अर्थ निघू शकतात, याचे उदाहरण पुढे येईलच.

तापाच्या टप्प्यात शरीर जे करते ते हेतुपुरस्सर असते. विषाणूशी लढणाऱ्या पेशी जी रसायने सोडतात त्यांच्या प्रभावाने मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीराने तापमान ज्या पातळीवर राखायचे ती पातळीच वर सरकते. त्या नव्या पातळीपर्यंत पोहोचण्यासाठी शरीर त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि स्नायूंना थरथरवते. म्हणून ताप चढताना रुग्ण कुडकुडतो आणि त्याचे हातपाय गार लागतात. हे गार हातपाय लक्षात ठेवावेत, कारण दोन दिवसांनी पुन्हा हातपाय गार पडतील तेव्हा त्याचा अर्थ अगदी निराळा असेल. हुडहुडी भरलेल्या रुग्णाचे गार हात म्हणजे ताप चढतो आहे; थर्मामीटर 98.4 दाखवत असताना पावले गार असतील, तर शरीर त्वचेचे रक्त काढून आतल्या अवयवांना पुरवते आहे.

या दिवसांत औषध एकच, पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या अंतराने. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन टाळावीत, कारण ती प्लेटलेटचे काम बिघडवतात आणि जठराच्या अस्तराला इजा करतात. दाखल होण्यापूर्वी बाहेर 'सुई' घेतली होती का, हेही विचारून घ्यावे. डायक्लोफेनॅकचे स्नायूतील इंजेक्शन घेऊन आलेल्या रुग्णाचा कुल्ला तपासला, तर कधी कधी तेथे रक्त साकळलेले सापडते. वॉर्डातही या रुग्णाला स्नायूत इंजेक्शन देऊ नये.

द्रव जातो कोठे

रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावर साखर आणि प्रथिने यांच्या रेणूंचा एक नाजूक लेप असतो, त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. अल्ब्युमिनसारखी प्रथिने आणि त्यांच्यासोबतचे पाणी आत धरून ठेवण्यात या लेपाचा मोठा वाटा असतो. डेंग्यूच्या विषाणूचे एनएस1 हे प्रथिन, म्हणजे आपण ज्याची तपासणी पाठवतो तेच, आणि प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायने मिळून या लेपाला आणि अस्तराच्या पेशींमधील सांध्यांना सैल करतात. मग प्लाझ्मा झिरपून फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात, बहुधा आधी उजव्या बाजूस, आणि पोटाच्या पोकळीत साचतो. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या असल्यामुळे आतच राहतात आणि उरलेले रक्त दाट होते.

ही गळती जखमेसारखी नसते. वाहिनी फाटत नाही, तिचे काम काही काळ बिघडते आणि दोन दिवसांत पूर्ववत होते. उपचाराचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे: गळती थांबवणारे औषध आपल्याकडे नाही, पण ती आपोआप थांबणार आहे, तोपर्यंत रक्ताभिसरण टिकवून धरायचे आणि गरजेपेक्षा एक थेंबही जास्त ओतायचा नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि पूर्वी एका प्रकाराची लागण झालेल्याला दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर जुन्या प्रतिपिंडांमुळे विषाणूचा पेशींमधील शिरकाव सोपा होऊन ही गळती अधिक तीव्र होऊ शकते. म्हणून पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का, हा प्रश्न दाखल करतानाच विचारावा.

सहा तासांत चार नोंदी नव्हे, एक कहाणी

शिकवताना मी फळ्यावर नेहमी एक चार्ट लिहिते. वसतिगृहात राहणारा 19 वर्षांचा मुलगा, तापाचा पाचवा दिवस. रात्री 10 वाजता ताप 100.4, नाडी 96, रक्तदाब 116/74. बारा वाजता ताप 99.2, नाडी 104, रक्तदाब 110/80. दोन वाजता ताप 98.6, नाडी 110, रक्तदाब 106/84. पहाटे 4 वाजता ताप 98.4, नाडी 118, रक्तदाब 104/88. मग मी विचारते की डॉक्टरांना कधी उठवावे. निम्म्या वर्गाचे उत्तर असते की उठवायची गरज नाही, कारण वरचा आकडा शंभराच्या वर आहे.

वरचा आकडा सहा तासांत जेमतेम 12 ने उतरला. पण वरच्यातून खालचा वजा करत गेल्यास 42, 30, 22 आणि 16 असे आकडे येतात. या फरकाला पल्स प्रेशर म्हणतात आणि तो 20 किंवा त्याहून कमी होणे म्हणजे डेंग्यूमध्ये शॉक (अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याची अवस्था), मग वरचा आकडा काहीही असो. पहाटे 4 वाजता हा मुलगा शॉकमध्ये आहे. त्याचे शरीर अजून तोल सांभाळून आहे, एवढेच.

असे का घडते, ते समजले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. रक्तवाहिन्यांतील द्रव घटला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही कमी होते, म्हणून वरचा आकडा हळूहळू खाली येतो. मानेतील कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत बसलेल्या दाबग्राहींना ही घट लगेच कळते. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला खबर देतात आणि सिंपथेटिक चेतासंस्था जागी होते. हृदयाची गती वाढते, त्वचा, आतडी आणि मूत्रपिंड यांच्याकडे जाणाऱ्या लहान धमन्या आवळल्या जातात, आणि या आवळण्यामुळे खालचा आकडा वर चढतो. वरचा उतरतो, खालचा चढतो, दोघांमधील जागा आक्रसते. त्याच वेळी मूत्रपिंड रेनिन सोडते, पिट्युटरी ग्रंथी पाणी राखणारे संप्रेरक सोडते, रुग्णाला तहान लागते आणि लघवी कमी व गडद होते.

तापाच्या आलेखावर हीच कहाणी वेगळ्या तऱ्हेने दिसते. एरवी ताप 1 अंश सेल्सिअसने वाढला की नाडी साधारणतः 10 ने वाढते, आणि ताप उतरला की तीही उतरते; डेंग्यूत तर तापाच्या मानाने नाडी पुष्कळदा संथच असते. वरच्या चार्टमध्ये ताप उतरत असताना नाडी चढत गेली आहे. टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर तापाची रेघ खाली आणि नाडीची रेघ वर, अशा दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेलेल्या दिसल्या की पुढच्या फेरीची वाट पाहू नये.

हे सर्व खऱ्या नोंदींवर अवलंबून आहे, हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगते. रात्रभराच्या प्रत्येक रकान्यात 110/70 आणि श्वसन 20 असे लिहिलेले चार्ट मी पाहिले आहेत, जणू रक्तदाब म्हणजे रुग्णाचा कायमचा पत्ता. पंचवीस खाटांना दोन परिचारिका असताना असे का होते, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच सर्वांना सारखा वेळ देण्याऐवजी ताप नुकताच उतरलेल्या रुग्णांची यादी पाळीच्या सुरुवातीस वेगळी काढावी आणि त्यांच्या नोंदी तासातासाला घ्याव्यात. बाकीच्यांना चार तासांची फेरी पुरते.

फेरी कशी घ्यावी

यंत्राला हात लावण्यापूर्वी रुग्णाच्या पावलांना हात लावावा. आपल्या बोटांच्या मागील बाजूने पायाची बोटे, मग घोटा, मग पिंढरी असे वर जावे आणि गारवा कोठे संपतो ते पाहावे. पुढच्या तासाला हीच सीमा घोट्यावरून गुडघ्याकडे सरकली असेल, तर त्याचा अर्थ सांगायला कोणत्याही तपासणीची गरज नाही. अंगावर पांघरूण नसेल किंवा एसी चालू असेल, तर पावले आधी झाकावीत आणि दहा मिनिटांनी पुन्हा हात लावावा.

नंतर केशिकाभरण पाहावे. रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीवर धरून नखावर 5 सेकंद दाब द्यावा, सोडावा आणि रंग परत येईपर्यंत मोजावे. दोन सेकंदांपर्यंत ठीक आहे, त्याहून जास्त लागत असतील तर त्वचेकडचा पुरवठा तोडला जातो आहे. सावळ्या त्वचेवर नखाचा रंग नीट दिसत नसेल, तर पुरेशा उजेडात पाहावे आणि छातीच्या मधल्या हाडावर दाबून पडताळावे. पल्स ऑक्सिमीटर बोटावर वारंवार आकडा गमावत असेल किंवा त्याची लाट चपटी येत असेल, तर यंत्र बिघडले असे म्हणून सोडून देऊ नये. बोटात रक्तच पुरेसे येत नसण्याची ती खूण असू शकते.

नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, आणि मोजत असताना तिचा भरीवपणाही बोटांना जाणवू द्यावा. मनगटाची नाडी धाग्यासारखी बारीक आणि जांघेतली भरीव लागली, तर आवळलेल्या धमन्यांचा तो पुरावा आहे. हात नाडीवरच ठेवून पुढील मिनिटभर छातीची हालचाल मोजावी, म्हणजे आपला श्वास मोजला जातो आहे हे रुग्णाला कळत नाही आणि तो मुद्दाम सावकाश श्वास घेत नाही. रक्त कमी पोहोचलेल्या ऊतींमध्ये लॅक्टेट साचते, रक्त आम्लधर्मी होते आणि ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी श्वासाची गती वाढते. फुफ्फुसे स्वच्छ आहेत, ताप नाही आणि तरी श्वसन 28 आहे, अशा रुग्णाला 'घाबरला आहे' असे समजण्याची चूक वारंवार होते.

रक्तदाब घेताना पट्ट्याचे माप तपासावे. लहान पट्टा खोटा जास्त आकडा देतो, आणि सडपातळ किशोरवयीन मुलाच्या दंडाला मोठा पट्टा बांधल्यास खोटा कमी आकडा येतो. पल्स प्रेशर आक्रसत असताना स्वयंचलित यंत्र डळमळते. अशा वेळी हाताने, स्टेथोस्कोप लावून मोजावे. फरक प्रत्येक वेळी तेथल्या तेथे वजा करून रक्तदाबाच्या शेजारी लिहावा. चार्टमध्ये त्यासाठी रकाना नसेल तर पट्टी घेऊन आखावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मग पोट आणि लघवी. पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखते का, हात लावल्यावर रुग्ण अंग चोरतो का, दर तासाला उलटी होते का, हे पाहावे. शेवटची लघवी कधी झाली हे घड्याळाच्या वेळेनुसार विचारावे. 'झाली सकाळी' हे उत्तर आल्यास पुढे 'अंधार होता की उजाडले होते' असे विचारावे. चार ते सहा तासांत लघवी झाली नसेल तर ते कळवण्याजोगे आहे. मोठ्या माणसात ताशी दर किलोमागे 0.5 मिलिलिटर, म्हणजे 50 किलो वजनाला ताशी 25 मिलिलिटर, ही किमान अपेक्षा धरावी. नातेवाइकांना मोजपात्र देऊन कसे मोजायचे ते एकदा दाखवले, तर ते पुष्कळदा आपल्यापेक्षा काटेकोरपणे नोंद ठेवतात.

शेवटी रुग्णाशी दोन वाक्ये बोलावीत, पण त्याच्या उत्तरांवर विसंबू नये. डेंग्यूच्या शॉकमध्ये रुग्ण फार उशिरापर्यंत पूर्ण शुद्धीवर राहू शकतो, कारण मेंदूचा रक्तपुरवठा शरीर सर्वांत शेवटी सोडते. तो बोलतो आहे म्हणजे ठीक आहे, हा तर्क येथे घातक ठरतो. त्याउलट, अस्वस्थ होऊन सारखी कूस बदलणारा, सलाईनची नळी ओढणारा किंवा एकाएकी गप्प झालेला रुग्ण 'त्रास देतो आहे' असे समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये डेंग्यूचे जे वर्गीकरण दिले त्यात धोक्याच्या सूचना स्पष्ट मांडल्या आहेत: पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, शरीराच्या पोकळ्यांत पाणी साचणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, सुस्ती अथवा अस्वस्थता, यकृत 2 सेंटिमीटरहून अधिक वाढणे, आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) वाढत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणे. यांपैकी एकही दिसली तरी तो रुग्ण तासातासाला नोंदी घेण्याच्या यादीत गेला पाहिजे.

पीसीव्हीचा आकडा आणि प्लेटलेटचे वेड

हिमॅटोक्रिट, ज्याला लॅबच्या कागदावर पीसीव्ही म्हणतात, हा गळतीचा सर्वांत जवळचा आरसा आहे. प्लाझ्मा निघून गेला की रक्तातील पेशींचे प्रमाण वाढते. मूळ आकड्यापेक्षा 20 टक्के वाढ ही ठळक गळती. येथे अडचण मूळ आकड्याची असते. ॲनिमिया असलेल्या एखाद्या शेतमजूर स्त्रीचा पीसीव्ही एरवी 30 असेल, तर 36 म्हणजे नेमकी 20 टक्के वाढ झाली. पण लॅबचा कागद 36 समोर लाल खूण करणार नाही आणि वरवर पाहणाऱ्याला तो आकडा समाधानकारकच वाटेल. म्हणून दाखल होताना, तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, पीसीव्ही झालेला असणे अत्यंत मोलाचे आहे. तो नसेल तर जुन्या फाईली, गरोदरपणाचे कार्ड, रक्तदान शिबिराचा कागद यांत हिमोग्लोबिन शोधावे आणि त्याच्या तिप्पट म्हणजे अंदाजे पीसीव्ही धरावा.

आता सुरुवातीला म्हटलेले उदाहरण. पीसीव्ही 46 वरून 38 वर आला, तर चांगले की वाईट? नाडी शांत झाली आहे, पावले उबदार आहेत, लघवी भरपूर आहे आणि तापाचा सातवा-आठवा दिवस आहे, तर द्रव परत येतो आहे आणि सलाईन बंद करण्याची वेळ झाली आहे. पण नाडी 130 आहे, पल्स प्रेशर आक्रसलेले आहे, पोट फुगते आहे आणि तापाचा पाचवा दिवस आहे, तर हाच आकडा आत कोठे तरी रक्तस्राव होत असल्याचे सांगतो आणि रक्त मागवण्याची घाई करावी लागते. आकडा तोच, रुग्णाकडे न पाहता तो वाचता येत नाही.

प्लेटलेटबद्दल थोडक्यात सांगते, कारण नातेवाईक याशिवाय दुसरे काही विचारतच नाहीत. प्लेटलेट उतरणे ही वेळेची खूण आहे. आधी पांढऱ्या पेशी उतरतात, मग प्लेटलेट एक लाखाखाली जातात आणि त्याच्या आगेमागे गळती सुरू होते, म्हणून तो आकडा सावध होण्यासाठी उपयोगी. पण डेंग्यूतील मोठा रक्तस्राव बहुतांशी लांबलेल्या शॉकमुळे होतो, कारण आतड्यांकडचा रक्तपुरवठा तासन्‌तास तुटलेला असतो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा भरून काढण्यासाठी प्लेटलेट चढवल्याने सहसा फायदा होत नाही. पपईच्या पानांचा रस आणणाऱ्या मुलाशी वाद घालण्यापेक्षा त्याला लघवीचे पात्र आणि नोंदीचा कागद हाती द्यावा. वडिलांसाठी काही तरी करण्याची त्याची गरज खरी आहे, आणि उलट्या होत असलेल्या रुग्णाच्या पोटात कडू रस न गेलेला बरा.

सलाईन : किती, केव्हा आणि कधी थांबवावे

तोंडाने पिऊ शकणाऱ्या आणि धोक्याची सूचना नसलेल्या रुग्णाला ओआरएस, ताक, पेज, शहाळे पुरते. तापाच्या टप्प्यात हौसेने चढवलेल्या बाटल्या पुढे फुफ्फुसांत उतरतात. धोक्याची सूचना असलेल्या मोठ्या रुग्णासाठी जागतिक आरोग्य संघटनेची चाल अशी आहे की नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट पहिले एक-दोन तास ताशी दर किलोमागे 5 ते 7 मिलिलिटर, मग दोन ते चार तास 3 ते 5, आणि प्रतिसाद पाहत 2 ते 3 वर आणावे. पल्स प्रेशर आक्रसले आहे पण दाब टिकून आहे, अशा शॉकमध्ये पहिल्या तासात दर किलोमागे 5 ते 10 मिलिलिटर दिले जाते. दाब कोसळला असेल तर 15 मिनिटांत 20. प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर पीसीव्ही पाठवावा. ऑर्डर डॉक्टरांची असते, पण दर घटवण्याची वेळ झाली आहे हे खाटेशेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीलाच आधी कळते.

इन्फ्युजन पंप नसलेल्या वॉर्डात थेंब मोजता आलेच पाहिजेत. संचाच्या वेष्टनावर एका मिलिलिटरला किती थेंब ते छापलेले असते. 20 थेंबांचा संच असेल, तर 50 किलोच्या रुग्णाला 5 च्या दराने ताशी 250 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 83 थेंब. 2 च्या दराने ताशी 100, म्हणजे मिनिटाला सुमारे 33. रुग्ण लठ्ठ असेल तर प्रत्यक्ष वजनाऐवजी उंचीला शोभणारे वजन धरावे. डेक्स्ट्रोज 5 टक्के ही बाटली या कामाची नाही, कारण त्यातील साखर वापरली गेली की उरते ते साधे पाणी, आणि ते रक्तवाहिनीत फारसे थांबत नाही.

ज्यांची शरीरे नियम पाळत नाहीत

मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्या वृद्धाची नाडी शॉकमध्येही 80 राहू शकते, कारण हृदयाला मिळणारी हाक औषधाने अडवलेली असते. अशा रुग्णात पावले, लघवी आणि पल्स प्रेशर यांवरच भिस्त ठेवावी. ज्याचा रक्तदाब एरवी 160 असतो त्याचा 120 झाला तर ते कोसळणेच आहे. गरोदर स्त्रीची नाडी मुळातच जलद, रक्तदाब किंचित कमी आणि पीसीव्ही उतरलेला असतो, त्यामुळे तिच्या बाबतीत सुरुवातीचे आकडे नोंदलेले नसतील तर पुढील आकडे मुके राहतात. लहान मुले धमन्या इतक्या जोरात आवळतात की दाब अखेरच्या क्षणापर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो; तेथे आईचे 'आज हा माझा नेहमीचा पोर नाही' हे वाक्य निरीक्षण म्हणून नोंदवावे, तक्रार म्हणून नव्हे.

रात्री कळवताना

पहाटे फोनवर 'सर, सात नंबरचा बीपी 104/88 आहे' असे सांगितले, तर पलीकडून 'मग ठीक आहे' असेच उत्तर येणार. त्याऐवजी असे सांगावे: 'तापाचा पाचवा दिवस, ताप उतरून दोन तास झाले. पल्स प्रेशर 42 वरून 16 वर आले आहे, नाडी 96 वरून 118 झाली आहे, पावले घोट्यापर्यंत गार आहेत, दहानंतर लघवी नाही. पीसीव्ही पाठवला आहे, सलाईनची लाईन चालू आहे, रुग्ण शॉकमध्ये आहे असे मला वाटते, आपण येऊन पाहावे.' शेवटचे वाक्य बोलताना पुष्कळ जणी कचरतात. ते वगळू नये. कोणी आले नाही, तर ठरलेल्या क्रमाने वरिष्ठांना कळवावे आणि प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवावी.

परतीच्या वाटेवर

भूक परतली, लघवी वाढली, तळहात-तळपाय खाजू लागले, तांबूस पुरळात मधूनच पांढरे ठिपके दिसू लागले आणि नाडी 56-60 वर आली, की द्रव रक्तवाहिन्यांत परतू लागला असे समजावे. ही संथ नाडी पाहून घाबरू नये. या घटकेला घात करणारी गोष्ट म्हणजे चालू राहिलेली सलाईन. झिरपलेला द्रव परत येत असतानाच वरून बाटलीही चालू असेल, तर फुफ्फुसांत पाणी उतरते. उताणे झोपता न येणे, कोरडा खोकला, श्वसन 20 वरून 30 वर जाणे, ही लक्षणे दिसताच सलाईन थांबवून कळवावे. गळतीच्या टप्प्यात दक्ष राहिलेल्या वॉर्डात रुग्ण दगावतो तो कधी कधी या टप्प्यात, आणि तो भाग बहुतेक चर्चांमधून सुटतो.

औषधाविना 48 तास ताप नाही, खाणे सुधारले आहे, प्लेटलेट चढत्या आहेत आणि सलाईनविना पीसीव्ही स्थिर आहे, हे सर्व जुळल्यावरच घरी जाण्याची तयारी करावी. थकवा काही आठवडे राहतो हे आधीच सांगावे. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ आवर्जून लिहावी: बरे झाल्यानंतरचा पीसीव्ही किती आहे आणि डेंग्यू कोणत्या वर्षी झाला. हा माणूस पुन्हा कधी तापाने कोणत्या तरी दवाखान्यात दाखल झालाच, तर तेथील परिचारिकेला त्याचा मूळ आकडा शोधत बसावे लागणार नाही.